न पिसलेले पत्ते

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी ऱ्हिओची रांग आहे. वरून हिरवी, खालून जांभळी, तलवारीसारखी पानं. विज्ञान शाखेत शिकलेल्यांना हे झाड नक्की आठवेल. पानाची जांभळी साल मिठाच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पेशीद्रव्य आक्रसताना बघायचं. तीस वर्षं मी हे प्रात्यक्षिक घेतलं. आनुवंशिकी शिकवताना मात्र एक अर्धसत्य सांगत राहिलो, की जनुकं दर पिढीत पत्त्यांसारखी पिसली जातात.

पिसली जातात, पण सगळीकडे सारखी नाही. परागकण किंवा बीजांड घडण्यापूर्वी मातृपक्षाचं आणि पितृपक्षाचं गुणसूत्र शेजारी येतात, काही ठिकाणी तुटतात आणि एकमेकांचे तुकडे जोडून घेतात. हाच पुनर्संयोग. सपुष्प वनस्पतींत एका जोडीत असे सांधे बहुधा एक ते तीनच. गहू, बार्ली, टोमॅटो यांत ते मुख्यतः टोकांकडे पडतात. गुणसूत्रबिंदूभोवतीचा घट्ट गुंडाळलेला पट्टा जवळजवळ तसाच पुढे जातो. टोमॅटोत हा पट्टा एकूण डीएनएच्या सुमारे तीन चतुर्थांश भरतो. त्यात जनुकं विरळ आहेत, पण आहेत.

आणि नेमकं हवं असलेलं जनुक तिथे असलं तर? मोझॅक विषाणूला दाद न देणारं एक जनुक जंगली टोमॅटोतून घेतलं गेलं. ते नवव्या गुणसूत्रावर, गुणसूत्रबिंदूजवळ आहे. असं जनुक घेताना संकर करायचा आणि मग संतती पुन्हा पुन्हा लागवडीच्या वाणाशी जुळवायची, म्हणजे जंगली वाटा दर खेपेला निम्मा होतो. अकरा खेपांनंतर तो ४०९६ त १ उरायला हवा. १९८९ साली यंग आणि टँक्सली यांनी अशी वाणं तपासली, तेव्हा अकरा खेपा झालेल्या एका वाणात नवव्या गुणसूत्राचा एक अख्खा हात जंगलीच निघाला! अशा तुकड्यात हव्या जनुकाच्या जोडीला नको ते गुणही येऊ शकतात, आणि एकेका खेपेला एक पिढी खर्ची पडते. नारायणगावच्या शेतकऱ्याला बियाण्याच्या पाकिटावर यातलं काही दिसत नाही.

ऱ्हिओ म्हणजे याच गोष्टीचं टोक. त्याची १२ गुणसूत्रं सहा जोड्या करत नाहीत. त्यांचे हात फार पूर्वी आपापसांत बदलले गेले. त्यामुळे प्रत्येकाचं एक टोक एका शेजाऱ्याशी जुळतं, दुसरं दुसऱ्याशी. भोंडल्याचा फेर धरावा तशी बाराही जणं कडं करतात. १९२०च्या दशकापासून हे माहीत आहे. मी वाचलं निवृत्तीनंतर. अदलाबदल होते ती फक्त हात धरलेल्या टोकांशी, मधले भाग मोकळेच राहतात. मग एकाआड एक गुणसूत्र विरुद्ध बाजूंना जातं आणि सहा-सहाचे तेच दोन जुने संच पुन्हा वेगळे होतात. फेर विसकटला की परागकण वांझ, आणि तसे बरेच निघतात. एकच संच दोन्हीकडून आला तर बीज जगत नाही. जगतं ते फक्त दोन्ही संच असलेलं, म्हणजे पुन्हा तोच संकर.

गेल्या पावसाळ्यात फाटकाजवळच्या फरशीच्या फटीत बियांतून चार रोपं आली. माळी उपटणार होता, थांबवलं त्याला. दिवाळीपर्यंत चारही वीतभर झाली आहेत, आणि रांगेतल्या मोठ्या झाडांशेजारी धरून पाहिली तर पानाच्या जांभळ्या छटेतही मला फरक सापडत नाही.