वैशाखांतील परसबाग आणि घरचें पाणी

चैत्र अर्धा सरला कीं मार्गासनीच्या परसापरसांतून एकच प्रश्न निघतो: भाजी ठेवावयाची कीं मोडावयाची? गांव राजगडाच्या वाटेवर, सह्याद्रीच्या कुशींत. आषाढ-श्रावणांत येथें पाऊस असा कोसळतो कीं वाफ्यांतील माती राखणें कठीण होतें. आणि वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागतो. पावसाचा मुलूख तो पाण्याचाही मुलूख, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. डोंगराच्या पायथ्याशीं एक उन्हाळा काढला म्हणजे तो समज जातो.

बाग मोडावी असें म्हणणारांचा पक्ष मुळींच दुबळा नाहीं. जेथें पाणी डोक्यावरून आणावें लागतें तेथें तें बहुधा घरांतील स्त्रियाच आणतात, आणि पुरुषांची बागेची हौस त्यांच्या मानेवर चालते. सूनबाईनें आणलेल्या हंड्यांतून सासरे दुधीस पाणी घालीत असतील, तर त्या दुधीचें कौतुक मला तरी करवत नाहीं. म्हणून पहिला दंडक हा कीं, उन्हाळ्यांत परसबागेनें पिण्याच्या पाण्यावर हक्क सांगूं नये. घरांत एकदां वापरलेल्या पाण्यावर तिनें जगावें. आणि थोडी तजवीज केली तर ती जगते.

हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. भर उन्हाळ्यांत पुण्याकडे उघड्या भांड्यांतील पाणी दिवसाकाठीं ८ ते १० मिलिमीटर आटतें. वाफ्यांतून त्याच्या निम्म्याहून थोडें अधिक जातें असें धरिलें, तर ४ चौरस मीटरांच्या वाफ्यास रोज २० ते २५ लिटर पाणी पाहिजे. आतां आठ-दहा माणसांच्या कुटुंबांत तांदूळ, डाळ व भाज्या धुतल्याचें पाणी मोजा. त्यांत माठांतील शिळें पाणी सकाळीं ओतून देण्याची आपल्या घरांतील चाल धरा. एक मोठी बादली सहज भरते, आणि ती रोज मोरींतून वाहून जाते.

न्हाणीचें पाणी अळवास व केळीस पूर्वापार जातच आलें आहे. मात्र येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. पूर्वीं भांडीं राखेनें घासीत. आजच्या धुण्याच्या पुडींतील क्षार मातींत साठतात, माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासें होतें. तेव्हां कपड्यांचें पहिलें पाणी बागेस नकोच. शेवटच्या खळबळीचें चालेल, परंतु कच्च्या खाण्याच्या पाल्यावर तेंही घालूं नये.

उरलेली तूट बरीचशी आच्छादनानें भरून निघते. उघडी माती तापते व भेगाळते. तिच्यावर दोन-तीन बोटें जाडीचा पाला पसरला तर ओल टिकते. याच दिवसांत आमच्या बाजूस भाताच्या राबासाठीं पालापाचोळा गोळा करून जाळतात. त्यांतून चार पाट्या परसासाठीं काढून ठेवाव्या. भाताचें तूसही चालतें. पेंढा मात्र गुरांच्या तोंडचा, तो वाफ्यावर घालणें मला पटत नाहीं. पाला खोडास अगदीं भिडवूं नये, नाहींतर वाळवी लागते.

वेलांस पाझरता मटका द्यावा. ही युक्ति इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील एका चिनी कृषिग्रंथांत वर्णिलेली आहे. भाजलेल्या मातीचा, झिलई न दिलेला मटका गळ्यापर्यंत पुरून भोंवतीं तीन-चार बिया लावाव्या आणि तोंडावर झांकण ठेवावें, म्हणजे डांस होत नाहींत. मुळें पाण्याचा माग काढीत मटक्यास बिलगतात. पाणी गार होईनासा झालेला जुना माठ मात्र या कामीं निरुपयोगी, कारण त्याचीं छिद्रें बुजलेलीं असतात.

पाणी केव्हां घालावें? सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. लावलेल्या झाडांस ग्रीष्मांत सकाळ-सायंकाळ, थंडींत एक दिवसाआड आणि पावसाळ्यांत जमीन सुकेल तेव्हां पाणी द्यावें, असें तो सांगतो. तें वृक्षांविषयीं आहे. आच्छादन केलेल्या वाफ्यास एकवार, पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, पुरतें. दुपारीं दुधी व दोडका मान टाकतात, तें पाहून मुलें तांब्या घेऊन धांवतात. त्यांस थांबवावें. बोट मातींत दोन पेरें घालून पाहावें; ओल लागली आणि दिवेलागणीस पानें उभीं राहिलीं, तर वेल तहानलेला नव्हता.

सर्वच भाज्या या दिवसांत हट्टानें वाढवूं नयेत. कोथिंबीर फुलावर जाते. टोमॅटोचीं फुलें ३५ अंशांपुढील उन्हांत गळूं लागतात. त्यांस पश्चिमेकडून जुन्या लुगड्याचा आडोसा केला तर कांहीं निभावतीं. गवार, भेंडी, चवळी व माठ यांस मात्र ऊन मानवतें. भेंडीचीं पानें शिरांतून पिवळीं पडलीं तर तो केवडा. पांढरी माशी तो पसरविते. औषधाच्या शोधांत न राहतां झाड उपटून टाकावें.

लाल भोपळा फुलतो पण धरत नाहीं, ही गृहिणींची नेहमींची तक्रार. आरंभीं येणारीं फुलें बहुतेक नर असतात, आणि उष्मा वाढला कीं त्यांची संख्याही वाढते. ज्या फुलाखालीं इवलासा भोपळा असतो तें मादीचें. सकाळीं लवकर नरफूल खुडून त्याचा पराग तिच्या मध्यावर हलकेच टेकवावा. घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींकडे हें काम सोंपवावें. शाळेंतील वनस्पतिशास्त्राच्या धड्याहून तें अधिक लक्षांत राहतें. उरलेल्या नरफुलांचीं भजीं उत्तम होतात.

ज्येष्ठांत एक दुधी व एक दोडका बियांसाठीं वेलावरच वाळूं द्यावा. मृगाच्या आधीं आठ दिवस कुजत आलेला पाला मातींत मिसळावा, मटके उकरून काढावे, घासून उन्हांत सुकवावे आणि माळ्यावर पालथे घालून ठेवावे.