६०६ डॉलर आणि तीन कोटी प्रती

निर्वाणा या रॉक बँडचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ रेकॉर्ड करायला एकूण खर्च आला ६०६ डॉलर १७ सेंट. सिएटलमधल्या रेसिप्रोकल रेकॉर्डिंग नावाच्या छोट्या स्टुडिओत जॅक एंडिनोने आठ ट्रॅकच्या मशीनवर तो उतरवला आणि तीस तासांचं बिल लावलं. एवढेही पैसे बँडपाशी नव्हते. ते भरले जेसन एव्हरमनने. कव्हरवर गिटारवादक म्हणून त्याचं नाव आहे, फोटोही आहे, पण अख्ख्या अल्बममध्ये त्याने वाजवलेला एक सूर नाही. सब पॉप या तिथल्याच स्वतंत्र लेबलने जून १९८९मध्ये अल्बम काढला. पहिल्या खेपेला हजार प्रती, पांढऱ्या विनाइलवर.

दोन वर्षांनी हाच बँड बड्या गेफेन कंपनीकडे गेला. ‘नेव्हरमाइंड’साठी बजेट ठरलं ६५,००० डॉलर, म्हणजे आधीच्या शंभरपटीहून जास्त. तरी कंपनीची अपेक्षा बेताचीच होती: अडीच लाख प्रती खपल्या की गंगेत घोडं न्हालं. २४ सप्टेंबर १९९१ला अमेरिकेतल्या दुकानांत गेल्या जेमतेम ४६ हजार. जानेवारी उजाडेपर्यंत आठवड्याला तीन लाखांच्या आसपास प्रती उठत होत्या आणि मायकेल जॅक्सनचा ‘डेंजरस’ पहिल्या क्रमांकावरून हलला होता. जगभरचा खप आज तीन कोटींच्या घरात मानला जातो. सगळ्या सीडीच धरल्या आणि एका डबीची जाडी एक सेंटिमीटर मोजली, तर एकीला एक लावून तीनशे किलोमीटर होतात. मुंबईहून पुण्याला जाऊन परत येण्याएवढं अंतर.

१९९१मध्येच खप मोजायची रीतही बदलली होती, हे विसरून चालणार नाही. तोवर ‘बिलबोर्ड’ची यादी दुकानांना फोन करून बनायची, काउंटरवरचा माणूस सांगेल ते प्रमाण. २५ मे १९९१च्या अंकापासून बारकोडवरून विक्री मोजणारी साउंडस्कॅन पद्धत आली. महिनाभरात एन.डब्ल्यू.ए.चा रॅप अल्बम पहिल्या क्रमांकावर होता, तोही रूथलेस आणि प्रायॉरिटी या स्वतंत्र लेबलांचा.

समीक्षकांची पसंती आणखी निराळी. ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने १९९३ साली घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात पहिली आली मॅटाडोर या लहान लेबलची लिझ फेअर. निर्वाणाचा ‘इन यूटेरो’ दुसरा.

‘इन यूटेरो’ रेकॉर्ड करणारा स्टीव्ह अल्बिनी हा या सगळ्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा माणूस. त्याने एकरकमी मेहनताना घेतला आणि रॉयल्टी साफ नाकारली. गाण्यांवरची कमाई बँडची, असं त्याचं म्हणणं. १९९३मध्येच ‘द बॅफलर’ या नियतकालिकात त्याने एका काल्पनिक बँडचा जमाखर्च मांडला. चौघांचा बँड, मोठ्या कंपनीशी करार, हातात अडीच लाख डॉलरची उचल, अडीच लाख प्रतींचा खप. कुणालाही हेवा वाटावा असं यश. मग एकेक वजावट सुरू होते: स्टुडिओ, निर्माता, मॅनेजर, वकील, व्हिडिओ, दौरा, जुन्या लेबलची भरपाई. शेवटी कंपनीला उरतात ७,१०,००० डॉलर आणि बँडमधल्या प्रत्येकाला ४,०३१ डॉलर २५ सेंट. चौघांचे मिळून प्रतीमागे साडेसहा सेंटही भरत नाहीत. एकूण उद्योगाला या बँडने तीस लाख डॉलर मिळवून दिले, आणि रॉयल्टीच्या खात्यात बँडच्याच नावावर १४,००० डॉलर देणं निघतं.

हे गणित मी ज्या ज्या होतकरू गायकाला दाखवलं, तो आधी खपाचा आकडा बघतो. बघायचा असतो तो उरलेला वाटा. तो सरळ वाटून देणारी लेबलंही आहेत. वॉशिंग्टनच्या डिसकॉर्ड लेबलने १९८०मध्ये पहिली रेकॉर्ड हजार प्रतींची काढली. कव्हरं पोरांनी हाताने कापून, दुमडून चिकटवली. या लेबलमध्ये लेखी करार नाहीत. खर्च वजा जाता नफा बँडबरोबर वाटून घेतात.

आज रेकॉर्ड काढायला ६०६ डॉलरही लागत नाहीत. ल्युमिनेट या मोजणी करणाऱ्या कंपनीच्या हिशेबाने २०२३मध्ये स्ट्रीमिंगवर रोज सरासरी एक लाखाहून जास्त नवे ट्रॅक चढत होते. वर्षअखेरीस एकूण ट्रॅक झाले १८ कोटी ४० लाख. त्यातले ४ कोटी ५६ लाख वर्षभरात एकदाही वाजले नाहीत, आणि हजार किंवा त्याहून कमी वेळा वाजलेले १५ कोटी ८६ लाख. लगेच २०२४पासून स्पॉटिफायने नियम केला: बारा महिन्यांत हजारदा न वाजलेल्या ट्रॅकला छदाम नाही. ट्रॅकमागे ती रक्कम किरकोळ, हे खरं. पण ती कापली गेली बहुतेक करून ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांची, आणि तो पैसा जास्त वाजणाऱ्यांच्या वाट्यात मिसळला. हे मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून एक विनंती. एखाद्या स्वतंत्र कलाकाराचं गाणं आवडलं, तर नुसतं ऐकून सोडू नका. त्याच्याचकडून विकत घ्या. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के आणि पैसे पाठवायचं शुल्क कापून बाकीची रक्कम कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला मिळते.