गाडीची बॅटरी आणि घरची निगा

मृग लागला. दोन चांगले पाऊस झाले. जमिनीला वापसा आला. सगळे गाव पेरणीला निघाले. आणि दारातला ट्रॅक्टर काही सुरू होत नाही. किल्ली फिरवली की नुसते 'टक' वाजते. सेल्फ फिरत नाही. दिवे पिवळे पडले आहेत. संध्याकाळ झाली आहे, गावातली वीज गेली आहे. पुतण्या बॅटरीचे बूच काढतो. आत पाणी आहे की नाही हे पाहायला खिशातून काडेपेटी काढतो.

"थांब, थांब!" ओसरीवरून काकाजी ओरडतात. "काडी काहून पेटवतं? डोये जातीन ना बाप्पा!"

"पाणी पाहून राहिलो काकाजी. अंधारात दिसत नाही."

"मंग टॉर्च आन. नाही त सकाळी पाहू. बॅटरीपाशी आगीचं काम नाही."

काकाजींचे म्हणणे अगदी खरे आहे. ते खरे का, हे समजले म्हणजे बॅटरीची निम्मी निगा समजली. म्हणून आधी बॅटरीच्या पोटात काय असते ते पाहू.

बॅटरी वीज साठवते. घरातल्या कोठीत ज्वारी भरून ठेवतो, तशी ही विजेची कोठी आहे. गाडी चालू असताना डायनमो कोठी भरतो. सेल्फ मारला, दिवे लावले, की कोठीतला माल खर्च होतो. भरणे कमी आणि काढणे जास्त झाले की कोठी रिकामी. यालाच आपण बॅटरी उतरली म्हणतो.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या जाळ्यांच्या पट्ट्या उभ्या बसवलेल्या असतात. काही पट्ट्या नुसत्या शिशाच्या, काही शिशाच्या तपकिरी भुकटीने भरलेल्या. त्या सगळ्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. लोक त्याला तेजाब म्हणतात, ॲसिड म्हणतात. बॅटरीतल्या या पाण्यात वजनाने सुमारे तिसरा हिस्सा तेजाब असते. तेजाब आणि शिसे यांची आतल्या आत क्रिया होते आणि वीज मिळते. बाहेरून वीज भरली की हीच क्रिया उलटी होते आणि पट्ट्या पुन्हा पहिल्यासारख्या होतात. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने ही युक्ती १८५९ साली शोधली. तेव्हा मोटारगाड्याही नव्हत्या. पुढे मोटारी आल्या, तरी बरीच वर्षे लोक हँडल मारूनच त्या सुरू करीत. १९१२ साली अमेरिकेत विजेच्या सेल्फची मोटार निघाली आणि बॅटरीला मोठे काम मिळाले.

आता काडीची गोष्ट. बॅटरी भरत असताना, विशेषतः ती भरत आली म्हणजे, आतल्या पाण्याचे थोडे थोडे तुकडे पडतात. त्यातून दोन वायू निघतात. एक प्राणवायू, दुसरा हायड्रोजन. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. पण हवेत शंभर भागांत चार भाग हायड्रोजन झाला की एका ठिणगीने तो पेट घेतो. बुचाखाली, कप्प्याच्या वरच्या पोकळीत, तो साचून राहतो. तिथे काडी नेली, बिडी नेली, की फटाका फुटावा तशी बॅटरी फुटते. तिचे प्लास्टिक उडते आणि तेजाब तोंडावर येते. वाकून पाहणाऱ्याचा चेहरा त्या वेळी बरोबर बुचावर असतो. म्हणून काकाजी ओरडले.

पाण्याचे वायू होऊन निघून जातात, त्यातच दुसरे एक मर्म आहे. पाणी जाते, पण तेजाब आतच राहते. म्हणजे बॅटरीत कमी होते ते पाणीच. तेव्हा भरही पाण्याचीच घालावी, तेजाबाची नाही. "बॅटरी ढिली पडली, जरा तेजाब टाका," असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो ऐकू नये. जास्त तेजाबाने पट्ट्या लवकर खाल्ल्या जातात. बॅटरी कलंडून तेजाब सांडले असेल तर गोष्ट निराळी. पण तेव्हाही घरी मिसळण करू नये, मिस्त्रीकडे जावे. निव्वळ तेजाबात पाणी ओतले तर ते एकदम उकळून अंगावर उडते.

पाणी म्हणजे मात्र विहिरीचे नव्हे, बोअरचे नव्हे, नळाचेही नव्हे. आपल्याकडचे पाणी किती जड, ते चहाच्या भांड्याच्या बुडाशी बसलेल्या पांढऱ्या थरावरून दिसते. ते क्षार बॅटरीत गेले तर पट्ट्या बिघडतात. गाळलेले किंवा उकळलेले पाणीही चालत नाही. गाळून गाळ जातो, विरघळलेला क्षार जात नाही. वाफ करून पुन्हा थंड केलेले, म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी लागते. दुकानात 'डिस्टिल वॉटर' किंवा 'बॅटरी वॉटर' मागावे. तालुक्याच्या कोणत्याही बॅटरीच्या दुकानात ते मिळते. बॅटरीच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

आपला यवतमाळ जिल्हा उन्हाळ्यात फार तापतो. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. उष्णतेने बॅटरीतली क्रिया जलद होते, पाणी लवकर आटते आणि पट्ट्या लवकर झिजतात. म्हणून होळीपासून मृगापर्यंत दर पंधरा दिवसांनी पाणी पाहावे. एरवी महिन्यातून एकदा पाहिले तरी चालते. उभी गाडी सावलीत ठेवावी.

पाहायचे कसे? इंजिन बंद करा. थोडा वेळ जाऊ द्या. जागा मोकळ्या हवेची हवी. हातातले कडे, अंगठी, घड्याळ, धातूच्या बांगड्या काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण बॅटरीच्या दोन टोकांना एकाच वेळी पान्हा टेकला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह त्यातून धावतो. पान्हा लाल होतो, ठिणग्या उडतात. तसेच कडे तापले तर मनगट भाजून निघते.

डोळ्यांवर चष्मा लावा, हातात रबरी मोजे घाला. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर फवारणीचे चष्मे आणि मोजे पुष्कळांच्या घरी आले. तोच चष्मा इथे उपयोगी पडतो. मोजे मात्र औषध लागलेले नकोत, स्वच्छ हवेत.

आधी बॅटरीचा वरचा भाग ओल्या फडक्याने पुसा. नाही तर बूच काढताना धूळ आत पडते. मग बूच काढून टॉर्चने पाहा. पट्ट्या पूर्ण बुडालेल्या असाव्यात आणि त्यांच्यावर बोटाच्या एका पेरापेक्षा थोडे कमी पाणी असावे. बॅटरीवर वरची-खालची रेघ असेल तर रेघेप्रमाणे चालावे. पाणी काठोकाठ भरू नये. चार्जिंगच्या वेळी पाणी फुगते आणि तेजाब बाहेर सांडते. म्हणून शक्यतो बॅटरी चार्ज झाल्यावरच पाणी घालावे. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या झाकण्यापुरते घालावे, बाकीचे नंतर. बुचाला बारीक भोक असते. वायू बाहेर जायला ते ठेवलेले असते. ते मातीने बुजू देऊ नये.

काही बॅटऱ्या बंद असतात. त्यांना बूच नसते. त्या उचकटू नयेत. वर लहानशी काच असली तर तिचा रंग पाहावा. बहुधा हिरवा म्हणजे भरलेली, काळा म्हणजे उतरलेली. पण कंपनीगणिक फरक असतो, शेजारी छापलेले वाचून घ्यावे. आता वाचता येते, तर वाचावे! ही काच एकाच कप्प्याचे सांगते, एवढे लक्षात असू द्या.

टोकांवर पांढरा-हिरवा थर येतो. कपाशीच्या पानावर दहिया पडतो तसा दिसतो. त्यामुळे प्रवाह अडतो. पुष्कळदा बॅटरी चांगली असते आणि दोष या थराचाच असतो. तो काढायला तारा सोडाव्या लागतात, आणि इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी उणे चिन्हाची तार सोडा, मग अधिक चिन्हाची. बसवताना उलट: आधी अधिक, शेवटी उणे. कारण असे की आजच्या गाड्यांत उण्याची तार गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. ती आधी सोडली म्हणजे अधिकचा नट खोलताना पान्हा लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही.

तारा सोडल्यावर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा मिसळा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशाने टोके घासा. फेस येईल. सोडा तेजाबाला मारतो, त्याचा तो फेस. सोड्याचे पाणी बुचातून आत मात्र जाऊ देऊ नका, आतल्या तेजाबालाही ते मारील. मग साध्या पाण्याने पुसा, कोरडे करा, तारा घट्ट बसवा आणि वरून थोडे व्हॅसलिन लावा.

बॅटरीत किती वीज आहे हे दोन प्रकारे कळते. दूध संकलन केंद्रावर दुधात नळी सोडून पाणी किती ते पाहतात ना? बॅटरीवाल्याकडे तशीच नळी असते, तिला हायड्रोमीटर म्हणतात. बॅटरी भरलेली असली की तेजाब पाण्यात असते, पाणी जड असते आणि नळीतला तरंग वर राहतो. आकडा १२५० च्या वर असला तर बॅटरी भरलेली. १२०० च्या जवळ म्हणजे निम्मी. ११५० च्या खाली गेला तर रिकामी. सहाही कप्पे पाहावेत. पाच सारखे आणि एक ५० ने खाली असेल तर तो कप्पा गेला समजा. नुकतेच पाणी घातले असेल तर हा आकडा खरा येत नाही.

दुसरे साधन म्हणजे साधे मीटर. गाडी काही तास उभी राहिल्यावर दोन टोकांना लावावे. १२.६ आले तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवे. तेवढे येत नसेल तर बॅटरीला बोल लावू नका. डायनमोचा पट्टा सैल आहे का पाहा. १५ च्या वर जात असेल तर बॅटरी आत उकळते आहे. दर आठवड्याला पाणी घालावे लागते त्या गाडीत बहुधा हेच असते. नवी बॅटरी घेतली तरी तीही तशीच मरते.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नये. तिच्या पट्ट्यांवर शिशाचा एक क्षार बसतो. ताजा असताना तो चार्जिंगने निघतो. महिनोन् महिने राहिला की गुळाच्या जुन्या ढेपेसारखा टणक होतो, मग निघत नाही. हंगाम संपून ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर उण्याची तार सोडून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. रानडुकरे आणि रोही यांच्यासाठी शेतात जे झटका मशीन लावतात, त्याच्या बॅटरीचेही असेच. जाता जाता सांगतो: ते मशीन बंद पडले म्हणून कुंपणाला घरची वीज सरळ जोडू नका. त्याने माणसे मरतात.

घरी चार्ज करायची तर ओसरीवर करावी. चुलीजवळ नको, देवघरातल्या दिव्याजवळ नको, मुले झोपतात त्या खोलीत नको. चिमटे आधी बॅटरीला लावावेत, मग चार्जरची कळ दाबावी. काढताना आधी कळ बंद. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून सेल्फ मारायचा असेल तर दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच आहेत हे पाहा. अधिक अधिकला जोडा. चांगल्या बॅटरीच्या उण्याची तार दुसऱ्या गाडीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावा. शेवटची ठिणगी तिथे पडते.

एवढे करूनही तेजाब डोळ्यात उडाले तर? चोळू नका. सोडा, तूप, दूध काही घालू नका. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान वीस मिनिटे सोडा. वीस मिनिटे फार वाटतात, पण घड्याळ लावून सोडा. मग लगेच ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. अंगावर उडाले तर तो कपडा काढून असेच धुवा. म्हणून कामाला बसण्याआधी पाण्याची भरलेली बादली शेजारी ठेवावी.

बॅटरी कायमची गेली तर ती फोडून शिसे वितळवू नये. त्या धुराने आणि धुळीने अंगणातल्या मुलांच्या रक्तात शिसे जाते आणि त्यांच्या मेंदूची वाढ खुंटते. जुनी बॅटरी दुकानदाराकडे परत गेली पाहिजे, असे सरकारी नियम २००१ पासून आहेत. २०२२ साली त्यांच्या जागी नवे आले. दुकानात जुनी बॅटरी दिली की तिचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा होतात. भाव आधी विचारून घ्यावा आणि पावती मागावी.