पाणी कुठं मुरवायचं, कुठं नाही

गैरसमज : कोल्हापुरात पाऊस धो धो पडतो, मग भूजलाची काळजी कशाला?
पाऊस पडणं वेगळं, मुरणं वेगळं. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पण तीव्र उतारावरून तो ओढ्यांवाटे पंचगंगेला मिळून जातो. म्हणून तर डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत झरे आटतात.

गैरसमज : खोल बोअर मारलं की पाणी लागतंच.
आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत, म्हणजे एकूण घनफळाच्या जेमतेम एक ते तीन टक्के जागेत. तेवढ्यासाठी पाणाड्याच्या हातातल्या नारळावर लाखभर रुपये लावणारे लोक आजही भेटतात! पाणी मुरवतानाही तेच; पाझर तलाव किंवा चर खणण्याआधी खाली भेगाळलेला थर आहे का, हे विहिरींच्या नोंदींवरून तपासणं शहाणपणाचं. तो नसेल तर साठलेलं पाणी उन्हानं उडून जातं.

गैरसमज : शेततळं म्हणजे पुनर्भरण.
तळाला प्लास्टिक अंथरलं की एक थेंबही मुरत नाही. त्यात बोअरचं पाणी भरलं, तर उलट भूजल उपसून उन्हात ठेवल्यासारखंच.

गैरसमज : गच्चीचा पाईप थेट बोअरमध्ये सोडला की झालं.
हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ९३ हजार लिटर पाणी होतं. त्यातलं बरंचसं वापरता येतं. पण पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ, पाला, पक्ष्यांची घाण वाहून येते, म्हणून ते पाणी बाहेर सोडायचं. नंतरचं पाणी दगड, खडी आणि वाळूच्या थरांतून गाळून मगच आत. गाळणीविना सोडलेल्या पाण्यातला गाळ भेगा बुजवतो, बोअर निकामी होतं आणि शेजारच्या विहिरीचं पाणीही बिघडू शकतं.

गैरसमज : पाणी जितकं मुरवाल तितकं चांगलं.
शिरोळच्या शेतकऱ्याला हे सांगून बघा. तिथं पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरच. पण नदीकाठच्या काळ्या रानात उसाला वर्षानुवर्षं पाटानं भरमसाट पाणी दिल्यामुळे भूजल मुळांपाशी आलं, क्षार वर चढले आणि रानं क्षारपड झाली. तिथं आता जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून पाण्याचा निचरा करावा लागतो. तिथं मुरवण्याच्या योजनेपेक्षा ठिबक जास्त उपयोगी.