गाठ दुखत नाही, म्हणूनच दाखवा!

"गाठ होती ताई, पण दुखत नव्हती. म्हटलं, कारखान्याचा पट्टा पडला की बघू."

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांत काम करताना असे बोलणे अनेकदा कानावर येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी गाव सोडते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा वेळी न दुखणाऱ्या गाठीसाठी कोण दवाखाना गाठणार? पण स्तनाच्या कॅन्सरची सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. पट्टा पडण्याची वाट पाहण्यात पाच-सहा महिने जातात आणि तेवढ्यात आजार पुढच्या टप्प्यात जाऊ शकतो.

भारतातील महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच आहे. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी देशात सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 98 हजार मृत्यू झाले.

लक्षणे कोणती?

स्तनात किंवा काखेत गाठ, स्तनाच्या आकारात बदल, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त किंवा पाणी येणे, बोंडावरची न भरणारी जखम. यातील काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते तपासणीनंतरच ठरते.

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान स्वतःचे स्तन पाहावेत, हाताने चाचपावेत. पाळी थांबली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवून घ्यावी.

आपल्या जिल्ह्यात याला वेगळा संदर्भ आहे. 2018-19 पर्यंतच्या तीन वर्षांत बीडमध्ये 4,605 महिलांची गर्भाशये काढली गेली, अशी माहिती सरकारनेच 2019 मध्ये विधान परिषदेत दिली. "पिशवीच काढली, आता बाईचा आजार कसला?" असा समज त्यामुळे अनेकींच्या मनात असतो. गर्भाशय काढल्याने स्तनाच्या कॅन्सरपासून संरक्षण मिळत नाही. त्यामुळे या भगिनींनीही तारीख ठरवून तपासणी केलीच पाहिजे.

निदान कसे होते?

आधी डॉक्टर हाताने तपासतात. मग मॅमोग्राफी किंवा, वय कमी असेल तर, बहुधा सोनोग्राफी होते. शेवटी सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासतात. याला बायोप्सी म्हणतात. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. उलट, गाठ कोणत्या प्रकारची आहे आणि कोणते औषध लागू पडेल, हे याच तुकड्यावरून कळते.

उपचार

शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन, हार्मोनच्या गोळ्या आणि काहींना विशिष्ट इंजेक्शने, असे उपचार असतात. गाठ लहान असतानाच सापडली तर अनेकदा संपूर्ण स्तन काढावा लागत नाही आणि बरे होण्याची शक्यता खूप जास्त असते. हार्मोनच्या गोळ्या पाच वर्षे किंवा त्याहून जास्त काळ चालतात. टोळीबरोबर जातानाही त्या सोबत हव्यात.

सुरुवात गावातूनच करता येते. 30 ते 65 वयाच्या महिलांची स्तनतपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. आशाताईंना विचारा. पुढील तपासणीसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. कॅन्सरच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कॅन्सर रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

आपण काय करायचे?

हाताने केलेली साधी तपासणीही जीव वाचवते. टाटा मेमोरियलने 1998 पासून 20 वर्षे मुंबईतील सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. 2021 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तिथल्या 50 वर्षांवरील महिलांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

वर्षावासाचे तीन महिने आपल्या आया-बहिणी विहारात रोज एकत्र बसतात. अश्विन पौर्णिमेनंतर थोड्याच दिवसांत टोळ्या निघतात. त्याआधी एका संध्याकाळी ग्रंथवाचन झाल्यावर आरोग्यसेविकेला आणि आशाताईंना विहारात बोलवा, आडोसा करून तपासणी घडवून आणा. ज्यांना पुढे पाठवायचे आहे, त्यांच्यासोबत एक कार्यकर्ती जाऊ द्या. तरुण मुलांनीही लाजू नये. "आई, तपासून घेतलंस का?" एवढे विचारायला काय हरकत आहे? गाडीत सामान भरण्याआधी हे विचारून घ्या.