पानाच्या पाठीवरचे बुधले

बाराबंकीच्या शेतात मे महिन्यात अर्धा तास उभं राहिलं की नाक बधिर होतं. चहूकडे मेंथा. इथले शेतकरी जपानी पुदिन्याला एवढंच म्हणतात. आपल्या चटणीतला पुदिना बहुधा वेगळ्या जातीचा. त्याचा वास कार्व्होनचा, थंडावा बेताचाच. खरा गारवा मेंथॉलचा, आणि ते या पाल्यात ठासून भरलेलं.

एक पान खुडून उलटं केलं, उन्हात तिरकं धरलं आणि भिंग लावलं. शिरांच्या मधल्या जागेत पिवळसर, चकचकीत ठिपके. दवासारखे, पण भर दुपारी दव कुठलं? हे तेलाचे बुधले. प्रत्येकाच्या तळाशी 8 पेशींची चकती, वर पातळ पापुद्रा. पेशी तेल बनवतात, पण पोटात ठेवत नाहीत. पापुद्र्याखाली ढकलून देतात आणि पापुद्रा टम्म फुगतो. सुईच्या टोकानं चार-सहा ठिपके फोडले. ते बसले आणि वास भपकन नाकात गेला. पान नुसतं हुंगलं तेव्हा यातलं फारसं काही आलं नव्हतं.

मेंथाच्या भावकीतल्या पेपरमिंटमध्ये असा एक बुधला साधारण दिवस-सव्वा दिवसात भरतो. पान वाढतं तसे देठाकडे नवे येत राहतात, म्हणून कोवळ्या पानाच्या टोकाशी भरलेले आणि देठाशी अजून रिकामे. भरल्यावरही आतला माल पालटत असतो. आधी लिमोनिन, त्याचं पुढे मेंथोन, आणि पान जून होताना मेंथोनचं मेंथॉल. शेंड्याचं पान चावून पाहिलं: उग्र, हिरवट. खालचं चावलं, तर श्वाससुद्धा गार.

"अभी कच्चा है," शेतमालक म्हणाला. त्याला भिंग लागत नाही. लवकर कापलं तर मेंथॉल कमी. उशीर झाला तर खालची पानं गळतात, तेलासकट. त्यातच पाऊस आला तर उतारा घसरतो. बांधावर लोखंडी टंकी तयारच होती. तिच्यात पाला वाफवायचा, वाफ थंड करायची आणि पाण्यावर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. याच तेलाचे वायदे मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात चालतात. तो भाव मोबाइलवर बघूनच मालक आभाळाकडे बघत होता.

एवढ्यात मी पानं खुडलेल्या त्याच बोटांनी कपाळावरचा घाम पुसला. तो ओघळून डोळ्यांत उतरला आणि गार आग पेटली. मालकानं हसत हसत पंप सुरू केला.