कायमचा पत्ता

जर्मनीत शिकायला गेलेल्या भाच्याचा परवा फोन आला. वसतिगृहातल्या पोरांनी रात्री ढोल काढले आणि ज्यांची भाषा कळत नाही अशा माणसांबरोबर हा पहाटेपर्यंत नाचला. ‘‘मामा, तुम्ही कधी असे नाचलात?’’ बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला हे विचारू नये. पण मला पोहरादेवी आठवली.

साल १९८६. मी पुण्याचा, नवा शिकाऊ अधिकारी. हा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात होता; वाशिम जिल्हा १९९८ साली झाला. मला तो परदेशच. गिऱ्हाइके माझ्याशी मराठीत बोलत आणि पाठ वळताच गोरमाटीत शिरत. ती बोली मला एका अक्षराने कळत नसे.

त्या हिवाळ्यात एका तांड्यावरच्या माणसाचा अर्ज माझ्याकडे आला होता. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून बैलजोडी हवी होती. चौकशीला गेलो तर घराला कुलूप. कुटुंब ऊसतोडीला गेलेले. मी शेरा मारला : ‘अर्जदार पत्त्यावर राहत नाही.’ नियमाप्रमाणे बरोबरच होते. ज्यांच्या वाडवडिलांनी लदेणीच्या हजारो बैलांवर मीठ आणि धान्य लादून अर्धा हिंदुस्थान पालथा घातला, त्यांच्यातला एकजण दोन बैल मागत होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आगगाडीने तो व्यापार मोडला आणि १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या फिरत्या जमातींवर शिक्का मारला, तो १९५२ साली निघाला, हेही नंतर वाचले.

रामनवमीला आमच्या शिपायाने मला यात्रेला नेले. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे देऊळ इथे आहे. बंजारा समाज पोहरादेवीला आपली काशी मानतो. महाराष्ट्रच नव्हे, तेलंगण-कर्नाटकातूनही माणसे आलेली. एकच बोली बोलणारा हा समाज एका राज्यात विमुक्त, दुसऱ्यात अनुसूचित जमात, तिसऱ्यात अनुसूचित जात आहे. त्या रात्री मात्र सगळे एकाच धुळीत बसले होते.

अंधारात प्रथम थाळी वाजली, मग नंगारा. फेटिया-कांचळीतल्या बाया गोल धरून उभ्या राहिल्या. कांचळीवरचे आरसे पेट्रोमॅक्सच्या उजेडात एकदम पेटत आणि वळताच विझत. कमरेत वाकायचे, टाळी द्यायची, एक पाऊल मागे. म्हाताऱ्यांचे पाऊल तरुणींपेक्षा पक्के होते. मी पुढे सरकून नंगारा वाजवणाऱ्याकडे पाहिले. तोच माणूस! अर्जावरचा फोटो मी दोनदा तपासला होता.

त्यानेही ओळखले. मला पळून जावेसे वाटले. त्याने टिपरू खाली न ठेवता विचारले, ‘‘जेवले का साहेब?’’ बैलांचे अक्षर काढले नाही. कुणीतरी माझ्या हातात लापशीचा द्रोण दिला. तो संपल्यावर बाप्यांच्या रांगेत ओढले. मी नाचलो. प्रत्येक वेळी पाऊल चुकत होते आणि एक आजीबाई मला हाताने धरून वळवत होत्या. नवमीचा चंद्र मावळला तरी नंगारा थांबला नव्हता.

सोमवारी फाइल काढली. मार्चअखेर सरली होती, त्या वर्षीचे उद्दिष्ट पूर्ण झाले होते. मी त्याला नवा अर्ज करायला सांगितले, स्वतः भरूनही दिला. तो मंजूर होईपर्यंत दसरा उलटला आणि ते पुन्हा ऊसतोडीला गेले. मग माझी बदली झाली. बैल मिळाले की नाही, मला कळले नाही. शाखेत पत्र टाकून विचारता आले असते. टाकले नाही.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंतर मी गेलो होतो. इमारत नंगाऱ्याच्या आकाराची आहे. बाहेर यात्रेकरूंची एक टोळी सावलीत बसली होती. त्यांच्यात थाळी होती, पण ती भाकरी ठेवायला काढलेली.

भाच्याला एवढेच म्हटले, ‘‘नाचलो होतो. पावले चुकली.’’